त्या दोन वाकड्या टॉवर्सबद्दल

टोरांटो,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुमे,

मागच्या रविवारी मी तुला सिटी हॉलचा, म्हणजे इथल्या पालिकेच्या इमारतीचा, फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की हिला सप्टेंबरमध्ये ६० वर्षं झाली, हेरिटेज आहे ही, तर तुझा लगेच रिप्लाय, "काँक्रीटची ६० वर्षांची बिल्डिंग ती कसली गं हेरिटेज, आमची सोसायटी ४२ वर्षांची तर रीडेव्हलपमेंटला चाललीय". मी तेव्हा बसमध्ये होते, काहीच लिहिलं नाही. पण आठवडाभर ते डोक्यातून गेलं नाही बघ. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उत्तर द्यायचा हा विषयच नाही, म्हणून म्हटलं सरळ पत्र लिहावं, पूर्वी लिहायचो तसं. उद्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, बाहेर पाऊस लागलाय, तू पाठवलेली चकलीची भाजणी अजून डब्यातच आहे, दिवाळी आठवड्यावर आली तरी. ती उद्या. आज हे.

तर आधी ती बिल्डिंग काय आहे ते सांगते, कारण फोटोत नीट कळत नाही. दोन उंच टॉवर, पण सरळ चौकोनी नाहीत, दोन्ही वाकलेले, एकमेकांकडे तोंड करून उभे. एक २७ मजली, एक २० मजली. आणि त्या दोघांच्या मधे खाली एक गोल बशीसारखं सभागृह, जिथे नगरसेवक बसतात. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओंजळ आठवली, आजीच्या हातचं तीर्थ घ्यायला आपण जशी धरायचो ना, तशी. टॉवर्सची बाहेरची पाठ पूर्ण बंद, काँक्रीटची, त्यात इटलीहून आणलेल्या संगमरवराच्या उभ्या पट्ट्या, खिडकी एकही नाही. आणि आतली बाजू सगळी काच. म्हणजे ऑफिसात काम करणारा प्रत्येक माणूस त्या सभागृहाकडे आणि समोरच्या चौकाकडे बघत बसलेला. आणि ती एवढी मोठी बशी मधल्या एका जाड खांबावर उचललेली आहे, तो खांब खाली तळघरापर्यंत जातो, त्याच्याभोवती युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून एक शांत गोल जागा केलीये. मी कधीही आत गेले की त्या खांबाला एकदा हात लावून येते. सवय झालीये.

आता ही आली कुठून ती गोष्ट ऐक, कारण हेरिटेज म्हणताना मला निम्मी किंमत या गोष्टीची वाटते. १९५५ साली इथल्या पालिकेने तीन लोकल फर्मना मिळून एक डिझाईन करायला सांगितलं होतं, अगदी साधं, कुठल्याही इन्शुरन्स कंपनीचं हेडऑफिस वाटावं असं. इथल्या युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांनी त्याच्याविरुद्ध पत्र काढलं. पोरांनी गं, विशी-बाविशीतल्या. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खर्चासाठी मतदान झालं तेव्हा लोकांनी चक्क नाही म्हटलं. मग नेथन फिलिप्स नावाचे मेयर होते, शहराचे पहिले ज्यू मेयर, त्यांनी आणि एरिक आर्थर नावाच्या प्रोफेसरांनी लावून धरलं की जगभरातून स्पर्धा घ्यायची. पुढच्या मतदानात पैसे मंजूर झाले. तेव्हाचं टोरांटो म्हणजे रविवारी सगळं बंद, कर्मठ, इंग्लंडकडे तोंड करून बसलेलं गाव, आणि ते गाव म्हणतंय की कुठल्याही देशातल्या आर्किटेक्टने आमचं सिटी हॉल करावं. ४२ देशांतून ५०० हून जास्त डिझाईन्स आली. शेवटच्या आठात आय. एम. पेई पण होते, पुढे पॅरिसच्या लूव्ह्रचा काचेचा पिरॅमिड केला ते. आणि १९५८ ला जिंकलं कोण तर फिनलंडचा विल्यो रेवेल आणि त्याची तरुण टीम. असं सांगतात की परीक्षकांपैकी एरो सारिनेन उशिरा पोचले, त्यांनी बाद झालेला गठ्ठा परत काढायला लावला आणि त्यातून हे डिझाईन वर आणलं. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचीही अगदी हीच गोष्ट सांगतात, परीक्षक पण तेच. त्यात तिखटमीठ किती ते सोड, पण बाद झालेला गठ्ठा परत उघडून बघणारा एक माणूस कमिटीत असावा लागतो हे मला फार पटतं.

आणि रेवेलने ते पूर्ण झालेलं बघितलंच नाही. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, ५४ वर्षांचा होता. उद्घाटन १३ सप्टेंबर १९६५ ला.

मी २००९ च्या जानेवारीत आले तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं हे तुला माहितीये. तुला तेव्हा फोनवर काय काय रडून सांगितलं असेल. नोकरी नाही, अंगावर दोन कोट घालून पण थंडी वाजायची, आणि घरात बसलं की अजून वाईट वाटायचं. तर मी रोज सबवेने क्वीन स्टेशनला उतरायचे आणि सिटी हॉलमध्ये जाऊन बसायचे. तिथे तळमजल्यावर पब्लिक लायब्ररीची छोटी शाखा होती, तिथले कॉम्प्युटर फुकट, तिथून रेझ्युमे पाठवायचे. कोणी विचारलं नाही की बाई तू कोण, तुझं इथे काय काम. सुमे, आपल्याकडे सरकारी इमारतीत शिरताना आपण नकळत खांदे आकसून घेतो ना, शिपाई काय विचारेल, कुठल्या खिडकीवर जायचं, तसं मला तिथे पहिल्याच दिवशी झालं नाही. दार ढकललं आणि आत. आतमध्ये भिंतीवर एक भलंमोठं चित्र आहे, चित्र म्हणजे एक लाखाहून जास्त खिळे ठोकून केलेलं, तांब्याचे आणि जस्ताचा मुलामा दिलेले, डेव्हिड पार्ट्रिज नावाच्या कलाकाराचं. त्याच्यासमोर उभी राहून मी डबा खायचे. पोळीभाजी, उभ्याने, खिळ्यांसमोर.

बाहेर चौकात एक उथळ तळं आहे, त्यावर तीन काँक्रीटच्या कमानी. हिवाळ्यात त्या तळ्याचा बर्फ करतात आणि लोक स्केटिंग करतात. तिकीट नाही. लेक चार वर्षांची असताना तिला तिथेच पहिल्यांदा बर्फावर उभी केली, ती पडली, उठली, परत पडली, आणि एक अनोळखी म्हातारे सरदारजी पगडी आणि स्केट्स घालून आले आणि तिचा एक हात धरून चक्कर मारून आणली. त्या चौकात असं होतं. आमच्या ओळखीतल्या एका मराठी मुलीचं कोर्ट मॅरेज पण त्याच बिल्डिंगमध्ये झालं, तिथे लग्न लावायची खोली आहे, नऊवारी नेसून ती कमानींखालून चालत आली, मुंडावळ्या वाऱ्याने उडत होत्या, आणि चौकात बसलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण तुला ज्याबद्दल सांगायचंच होतं ती गोष्ट २०११ ची. जॅक लेटन म्हणून इथले एक नेते होते, बरीच वर्षं याच सभागृहात नगरसेवक म्हणून बसलेले, पुढे देशाच्या संसदेत विरोधी पक्षनेते झाले आणि काही महिन्यांतच कॅन्सरने गेले, ऑगस्टमध्ये. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून येताना बघते तर लोक खडू घेऊन चौकातल्या भिंतींवर लिहितायत. सिटी हॉलच्या रॅम्पची भिंत, जमीन, जिथे हात पोचेल तिथे, निळा गुलाबी पिवळा खडू. मग पाऊस आला, सगळं धुतलं गेलं, लोक परत आले आणि परत लिहिलं. लहान मुलं आईच्या कडेवर बसून वरच्या जागी लिहीत होती. तमिळ, चिनी, फ्रेंच, पंजाबी. मी पण लिहिलं, मराठीत, "धन्यवाद" एवढंच. त्या दिवशी मला त्या उघड्या करड्या काँक्रीटचा अर्थ कळला, सुमे. ग्रॅनाईटच्या चकचकीत भिंतीवर खडू उमटतच नाही. कोरीवकाम असलेल्या जुन्या दगडी इमारतीवर कोणाला लिहावंसं वाटणार नाही, हात धजणार नाही. ही भिंत पाटीसारखी होती.

आता दुसरी बाजू, आणि ही मी लपवणार नाही कारण मग सगळंच खोटं होईल. ती एवढी मोठी मोकळी जागा काही रिकामी पडलेली नव्हती. तिथे 'द वॉर्ड' म्हणून वस्ती होती. शहरात नवीन आलेला प्रत्येक गरीब माणूस आधी तिथे यायचा, अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून आलेले काळे लोक, मग आयरिश, पूर्व युरोपातले ज्यू, इटालियन, आणि मग चिनी. शहराचं पहिलं चायनाटाऊन तिथेच, एलिझाबेथ स्ट्रीटवर. पालिकेच्या नजरेत ती झोपडपट्टी, पण लोकांची घरं ती, लाँड्र्या, हॉटेलं, प्रार्थनेच्या जागा. सिटी हॉल आणि चौकासाठी त्या चायनाटाऊनचा मोठा भाग पाडला गेला. नंतर उरलेलाही पाडायचं घाटत होतं, तेव्हा जीन लंब नावाच्या बाईंनी, त्यांचं तिथे रेस्टॉरंट होतं, लोकांना एकत्र करून ते थांबवलं. त्यांना पुढे ऑर्डर ऑफ कॅनडा मिळालं, हा मान मिळालेल्या त्या पहिल्या चिनी-कॅनेडियन बाई. २०१५ ला शेजारच्या प्लॉटवर नवीन कोर्टासाठी खोदलं तेव्हा काय काय निघालं जमिनीतून, काळ्या लोकांनी बांधलेल्या चर्चचा पाया, बाटल्या, बशा, खेळणी.

मग कोणी म्हणेल की ज्या इमारतीसाठी एवढी घरं मोडली तिला कसला वारसा म्हणायचं. मी यावर खूप विचार केलाय. मला वाटतं इमारतीच्या किमतीत तो पाडापाडीचा हिशोब पण धरायला पाहिजे, बाजूला काढून ठेवता येत नाही. मी जी २००९ ला तिथे बसले ती नवीन आलेली बाई, म्हणजे वॉर्डमधल्या बायकांसारखीच ना मी, फक्त १०० वर्षं उशिरा आले. त्यांच्या खोल्या होत्या त्या जागेवर बसून मी रेझ्युमे पाठवत होते. चौकात फिरताना त्यांची आठवण देणारं अजून ठळक काहीतरी पाहिजे, डोळ्यात भरेल असं, आणि ते झाल्याशिवाय या जागेचं हेरिटेज अपुरं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, ६० वर्षं वगैरे. सिटी हॉलच्या अगदी शेजारी जुनं सिटी हॉल आहे, दगडी, घड्याळाचा टॉवर असलेलं, ई. जे. लेनॉक्स या आर्किटेक्टचं, १८९९ सालचं. ते तुला फोटोत बघताक्षणी आवडेल, हे हेरिटेज आहे हे कोणाला सांगावं लागत नाही. पण नवीन सिटी हॉल झालं त्याच सुमारास मोठ्या मॉलची योजना आली आणि त्यात हे जुनं पाडायचं, फक्त घड्याळाचा टॉवर आणि समोरचं युद्धस्मारक ठेवायचं असं ठरत होतं. लोकांना ते काळपट, कुबट, जुनाट वाटायचं. नागरिकांनी समिती काढली, भांडले, आणि १९६७ ला ती योजना बारगळली. मॉल झालाच पुढे, पण बाजूला. तर हिशोब कर, १९६५ ला ते जुनं सिटी हॉल किती वर्षांचं होतं? ६६. आणि आज हे नवीन किती? ६०. म्हणजे हेच ते धोक्याचं वय असतं बघ. अगदी नवीन असतं तेव्हा कौतुक असतं, १०० च्या पुढे गेलं की आदर येतो, मधल्या ४० ते ७० मध्ये फक्त गळणारी छतं आणि जुनी वायरिंग दिसते. आपल्या आईवडिलांच्या तरुणपणातल्या वस्तू असतात ना, तो स्टीलचा डबा, फॉर्मायकाचं टेबल, ते आपण भंगारात देतो आणि पणजीचं तांब्याचं घंगाळ हॉलमध्ये मांडतो. टोरांटोने निदान वेळेत शहाणपण केलं, १९९१ मध्ये, म्हणजे बिल्डिंग २६ वर्षांची असतानाच कायद्याने हेरिटेज जाहीर केली.

जाहीर करून काम संपत नाही, हे मी रोज बघते कारण माझी भाकरीच जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर आहे. जुन्या दगडाची दुरुस्ती करणारे कारागीर मिळतात, त्यांना मान असतो, पण काँक्रीट म्हटलं की सगळ्यांना वाटतं त्यात काय, सिमेंट लावा. तसं नसतं गं. काँक्रीटच्या आत लोखंडी सळया असतात, ताज्या काँक्रीटमध्ये त्यांना गंज चढत नाही, पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू आत शिरतो आणि काँक्रीटचा तो गुण जातो. इथे त्यात मीठ, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टनावारी मीठ टाकतात, ते गाड्यांच्या चाकांबरोबर पार्किंगमध्ये जातं, पाण्याबरोबर फटीत जातं. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट पोपडे धरून पडतं. मग दुरुस्ती करताना फक्त खड्डा बुजवून चालत नाही. मूळ वाळू कुठली होती, खडी कुठल्या रंगाची, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे कसे उठलेत, हे सगळं जुळवून आधी नमुन्याचे तुकडे करायचे, ते ओले बघायचे, सुकल्यावर बघायचे, उन्हात बघायचे, आणि मगच भिंतीला हात लावायचा. दोन वर्षांपूर्वी एका कामावर, कुठलं ते नको, ठेकेदाराने घाईत गडद करड्या मसाल्याचे पॅच मारून टाकले, सुंदर भिंत होती, फळ्यांच्या शिरा दिसायच्या त्यावर, आणि आता लांबूनही ठिगळं दिसतात. मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. कोणी मेलं नाही, काही पडलं नाही, पण एकदा घालवलेली ती भिंत परत येत नाही.

आणि कधी कधी दुरुस्तीचा मौकाच देत नाहीत. इथलं सायन्स सेंटर, आर्किटेक्ट रेमंड मोरियामांचं, १९६९ चं, दरीच्या उतारावर झाडांमधून खाली उतरत जाणारं. मोरियामा लहानपणी दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून कुटुंबासकट कॅनडाच्याच छावणीत होते, आणि त्याच माणसाने त्याच देशातल्या मुलांसाठी ही इमारत केली. लेकीला घेऊन मी किती वेळा गेले असेन. २१ जून २०२४ ला सरकारने अचानक बंद केलं, छताच्या हलक्या काँक्रीटच्या पॅनल्सचं कारण देऊन, कुंपणच घातलं. इंजिनियरांच्या अहवालात टप्प्याटप्प्याने दुरुस्तीचे पर्याय होते. मोरियामांच्याच फर्मने फुकट काम करायची तयारी दाखवली. तरी बंद. मोरियामा स्वतः आदल्या वर्षी गेले होते, त्यांना हे बघावं लागलं नाही एवढंच.

तुला गोव्यातली, पणजी शहरातली कला अकादमी आठवते? तुझ्या लग्नाआधी आपण दोघी गेलो होतो, मांडवीच्या काठावर, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. नाटकाला उशीर होता म्हणून त्या लांबलचक मांडवाखाली बसलो होतो आणि तू म्हणालीस इथे आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं तेच कळत नाही. मग आत थिएटरच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी काढलेले प्रेक्षक बघून तू हसत सुटलीस. २०२३ च्या जुलैमध्ये तिथे नूतनीकरण चालू असतानाच उघड्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला, बातमी तूच पाठवली होतीस, खाली रडका इमोजी टाकून. बघ, तेव्हा तू विचारलं नव्हतंस की काँक्रीटची ४० वर्षांची बिल्डिंग ती कसली हेरिटेज. कारण तिथे आपण बसलो होतो.

तुमच्या सोसायटीबद्दल मी भांडणार नाही, लिफ्ट नाही, काकांना तीन जिने चढवत नाहीत, पाणी गळतं, सगळं मला माहितीये, आणि प्रत्येक इमारत ठेवता येत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. पण एक काम कर माझ्यासाठी. तुमच्या जिन्याला ती सिमेंटची जाळी आहे ना, दुपारी तीनच्या सुमारास तिच्यातून उन्हाची नक्षी पायऱ्यांवर पडते, तिथे बसून आपण चिंचा खायचो आणि दहावीचा भूगोल पाठ करायचो. तिचे फोटो काढ, तीन वाजताच काढ, सकाळी नको. मोझॅकच्या पायऱ्यांचे पण, त्यात ती एक पायरी आहे जिच्यात हिरवा तुकडा जास्त आहे, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. आणि बिल्डरला विचार की जाळीचा एक ब्लॉक न फोडता काढून देतील का, खालून दुसरी रांग सैल आहे, कापायला सोपी जाईल. काकांना विचार कोणी ओतल्या होत्या त्या जाळ्या, साईटवरच ओतल्या की कुठून आणल्या, त्यांना आठवत असेल, ते तेव्हा कमिटीत होते.

मी मार्चमध्ये येतेय, तिकीट बघतेच आहे. तोपर्यंत पाडू नका म्हणावं.

तुझीच,
अनू

ता. क. सिटी हॉल दरवर्षी मे महिन्यात एक वीकेंड सगळ्यांना आतून बघायला उघडं असतं, सभागृहातही जाता येतं. पुढच्या वर्षी तू ये. खांब दाखवते.